ॲरे लायब्ररीत बग सापडला, आता काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक्सॲरे, नमपाय, डास्क या पायथनमधल्या, ॲरेंवर (आकड्यांच्या मोठ्या तक्त्यांवर) गणित करणाऱ्या लायब्ऱ्या. नमपाय मूळ ॲरे पुरवतं, एक्सॲरे त्याला तारीख, अक्षांश अशी लेबलं लावतं, आणि डास्क मोठा ॲरे तुकड्यांत चालवतं. अशा लायब्ऱ्या वापरताना काहीतरी बिनसलं, तर ते कुठे आणि कसं कळवायचं, याबद्दल तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक एक्सॲरेची आहेत, कारण माझं रोजचं काम त्यातच चालतं आणि तिथले इश्यू (प्रोजेक्टच्या पानावर नोंदवलेल्या तक्रारी) मी नेमाने वाचते.

मला दिसतंय तो खरंच बग आहे, की माझं काही चुकतंय?

खात्री होण्याची वाट पाहत बसू नका. पण एक कसोटी मला फार उपयोगी पडते: ज्या गोष्टीने उत्तर बदलायला नको, त्या गोष्टीने ते बदलतंय का? डास्कचे तुकडे लहान-मोठे केले, डायमेन्शनचा क्रम उलटा केला, किंवा फाइल आधी पूर्ण मेमरीत आणली, की उत्तर वेगळं येत असेल, तर संशयाला जागा आहे. डॉक्युमेंटेशनमध्ये एक लिहिलंय आणि घडतंय दुसरंच, हाही बगच; चूक कोडमध्ये नसली तर डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, आणि तेही कळवण्यासारखंच आहे.

याउलट, काही गोष्टी बगसारख्या दिसतात, पण ठरवून केलेल्या असतात. नमपाय २.० जून २०२४ मध्ये आलं, तेव्हा उत्तरातल्या आकड्याचा प्रकार ठरवण्याचे नियम बदलले. ३२ बिटच्या एका नमपाय फ्लोटमध्ये (दशांश आकड्यात) पायथनचा साधा ३.० मिळवला, तर पूर्वी ६४ बिटचं उत्तर यायचं, आता ३२ बिटचं येतं. कोडमधली एक ओळही न बदलता आकडे हलले, तर आधी त्या आवृत्तीच्या रिलीज नोट्स वाचा.

एरर येतच नाही, फक्त आकडा चुकीचा येतो. हे कळवण्याइतकं मोठं आहे का?

सगळ्यात मोठं हेच आहे. एरर आली की काम थांबतं आणि माणूस शोधाला लागतो. चुकीचा आकडा मात्र निमूटपणे आलेखात जातो, तिथून अहवालात, तिथून निर्णयात.

हे कसं घडतं, ते एका उदाहरणात जवळून पाहू. हवामानाच्या पुष्कळ नेटसीडीएफ (डेटा ठेवण्याचा एक फाइल प्रकार) फाइलींमध्ये तापमान दशांशात ठेवलेलं नसतं. जागा वाचावी म्हणून ते १६ बिटच्या पूर्णांकात भरलेलं असतं, आणि सोबत दोन आकडे दिलेले असतात: किती पटीने गुणायचं आणि किती मिळवायचं. समजा पट ०.००१ आणि मिळवायचा आकडा २८०. १६ बिटच्या पूर्णांकात −३२,७६८ ते ३२,७६७ एवढंच मावतं, म्हणजे या फाइलीत २४७.२३२ ते ३१२.७६७ केल्विन एवढंच तापमान लिहिता येतं. त्या महिन्यात तापमान त्या टप्प्यात होतं, म्हणून ज्याने फाइल बनवली त्याने तेच आकडे निवडले. पुढच्या महिन्याच्या फाइलीला दुसरे आकडे.

आता तुम्ही बारा महिन्यांच्या फाइली एकत्र उघडल्या. वाचताना सगळं बरोबर उलगडतं. पण एक्सॲरे पहिल्या फाइलीची भरण्याची पद्धत लक्षात ठेवतं, आणि जोडलेला डेटा पुन्हा फाइलीत लिहिताना तीच वापरतं. मे महिन्यातलं एक मूल्य ३१५ केल्विन आहे. २८० वजा केले, ०.००१ ने भागलं, आले ३५,०००. हा आकडा १६ बिटमध्ये मावत नाही. बऱ्याच मशीनवर तो गुंडाळला जाऊन −३०,५३६ होतो. पुढच्या वेळी फाइल उघडाल तेव्हा त्याच जागी २४९.४६४ केल्विन दिसेल. जवळपास ४२ अंश सेल्सियसचा दिवस शून्याखाली जवळपास २४ अंशांवर गेला, आणि कुणीही ओरडलं नाही. वेगळ्या प्रोसेसरवर हाच आकडा वेगळाही येऊ शकतो, कारण न मावणाऱ्या दशांशाचं पूर्णांकात काय होईल याची कुणी हमी दिलेली नाही.

लिहिण्याआधी ड्रॉप एन्कोडिंग वापरून ती जुनी आठवण पुसली, की हा प्रसंग टळतो. फाइल मोठी होते, एवढंच. ही वागणूक माहीत असलेली आहे. पण अशी चूक पहिल्यांदा दिसते, तेव्हा तिचं कारण फाइलीत आहे, लायब्ररीत आहे की तुमच्या कोडमध्ये, हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की निमूटपणे चुकणारा आकडा दिसला तर शंका अर्धवट असली तरी विचारावं.

सरासरीचा शेवटचा दशांश दरवेळी थोडा वेगळा येतो. हा बग?

बहुधा नाही. ३२ बिटच्या फ्लोटमध्ये १,६७,७७,२१६ मध्ये १ मिळवला, तर उत्तर पुन्हा १,६७,७७,२१६ च येतं, कारण पुढचा पूर्णांक त्या प्रकारात मांडताच येत नाही. त्यामुळे बेरीज कोणत्या क्रमाने केली यावर शेवटचे अंक ठरतात. नमपाय मेमरीत सलग असलेल्या अक्षावर जोड्या-जोड्यांनी बेरीज करतं, त्यात चूक कमी साठते. दुसऱ्या अक्षावर तीच काळजी घेतली जात नाही. डास्क तुकड्यांची बेरीज वेगळी करून मग ती एकत्र करतं. बॉटलनेक ही वेगाने गणित करणारी लायब्ररी इन्स्टॉल असेल, तर एक्सॲरे काही गणितं त्याच्याकडे सोपवतं. एक्सॲरेच्या सेट ऑप्शन्समध्ये बॉटलनेक बंद करून पाहा, आणि डेटा ६४ बिटमध्ये बदलून पाहा. फरक नाहीसा झाला तर तो अचूकतेचा प्रश्न होता. फरक पाचव्या-सहाव्या अंकाऐवजी पहिल्या-दुसऱ्या अंकात दिसत असेल, तर मात्र जरूर कळवा. ३२ बिटची लाखो मूल्यं एकामागून एक मिळवत गेलं, तर तिथपर्यंतही मजल जाते.

तारखा विचित्र दिसतात.

जुन्या आवृत्तीत तारीख नॅनोसेकंदात, ६४ बिटमध्ये ठेवलेली असते. त्यात २१ सप्टेंबर १६७७ ते ११ एप्रिल २२६२ एवढाच काळ बसतो. २०२५ च्या सुरुवातीपासून एक्सॲरेने सेकंदासारखी मोठी एककंही स्वीकारली आहेत, म्हणून आवृत्ती सांगणं इथे फार महत्त्वाचं. शिवाय हवामानाची काही मॉडेल्स ३६० दिवसांचं वर्ष धरतात, काही लीप वर्ष मानत नाहीत. ३० फेब्रुवारी दिसला म्हणून दचकू नका. फाइलीच्या वेळेच्या कोऑर्डिनेटला कोणतं कॅलेंडर जोडलंय ते आधी पाहा आणि इश्यूमध्ये लिहा.

‘छोटं उदाहरण द्या’ असं प्रत्येक जण म्हणतो. म्हणजे नेमकं किती छोटं?

दुसऱ्या माणसाने कॉपी करावं, चालवावं आणि त्याला तेच दिसावं, एवढं. फाइल लागू नये, पासवर्ड लागू नये, तुमचं फोल्डर लागू नये. सगळ्या इम्पोर्टच्या ओळी त्यातच हव्यात. दहा-पंधरा ओळींत बहुतेक बग मावतात.

छोटं करण्याचा खरा फायदा वाचणाऱ्याला नंतर, तुम्हाला आधी होतो. माझाच अनुभव सांगते. दोन ग्रिडची (अक्षांश-रेखांशांवर मांडलेल्या तापमानाच्या तक्त्यांची) वजाबाकी केली आणि उत्तरातले बरेचसे अक्षांश गायब झाले. ‘वजाबाकीत डेटा हरवतो’ असं शीर्षकही लिहून झालं होतं. मग छोटं करायला बसले. आधी एकच दिवस ठेवला, तरी तेच. मग रेखांश काढून टाकले, तरी तेच. खरी तापमानं काढून सगळीकडे १ भरला, तरी तेच. म्हणजे दोष मूल्यांत नव्हता. शेवटी उरले ० ते १ मधले अकरा अक्षांश, ०.१ च्या अंतराने, आणि वजाबाकीत त्यातले तीनच उरत होते: ०, ०.५ आणि १.

ते तीन आकडे समोर आले आणि कारण कळलं. एका फाइलीतले अक्षांश ३२ बिटचे होते, दुसरीतले ६४ बिटचे. ०.१ हा आकडा दोन्हींत सारखा मांडला जात नाही, ०.५ मात्र अगदी सारखा मांडला जातो. एक्सॲरे गणित करताना दोन्हीकडे जुळणारी लेबलंच ठेवतं, बाकीची सोडून देतं. डॉक्युमेंटेशनमध्ये तसं लिहिलेलंच आहे. सेट ऑप्शन्समध्ये अरिथमेटिक जॉइन ‘एक्झॅक्ट’ केलं, तर लेबलं न जुळल्यास सरळ एरर येते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर ती ओळ असते. इश्यू टाकायची गरजच उरली नाही. पण कारण माझ्या लक्षात आलं नसतं, तरी त्या अकरा आकड्यांवरून वाचणाऱ्याला ते मिनिटभरात दिसलं असतं. मूळ फाइलींवरून कुणालाच दिसलं नसतं.

तर पद्धत ही: एकेक गोष्ट काढा, पुन्हा चालवा. बग टिकला, तर ती गोष्ट अनावश्यक होती. बग गेला, तर ती परत ठेवा, कारण गाठ तिथेच आहे.

माझा डेटा गोपनीय आहे, किंवा शंभर जीबीचा आहे.

तो कुणालाच नको आहे. बनावट आकड्यांचा ॲरे घ्या: शून्यं, एक, किंवा शून्यापासून ओळीने येणारे पूर्णांक. रँडम आकडे वापरलेच, तर सीड (रँडम आकड्यांचा आरंभबिंदू) ठरवून द्या, नाहीतर समोरच्याला वेगळेच आकडे मिळतील. खऱ्यासारखा डेटा हवाच असेल, तर एक्सॲरेच्या ट्युटोरियलमधला हवेच्या तापमानाचा डेटासेट सगळ्यांना उघडता येतो. तो २,९२० वेळा, २५ अक्षांश आणि ५३ रेखांश एवढाच आहे.

दोष फाइल वाचण्यातच असेल, तर वरच्यासारखा बनावट डेटा त्याच सेटिंग्जनी फाइलीत लिहा आणि पुन्हा उघडा. तेवढ्याने बग दिसला नाही, तर मात्र मूळ फाइलीचा लहानसा तुकडा आणि तिच्या हेडरची छापील माहिती जोडा. तुकड्याची फाइल नव्याने लिहिताना बगच नाहीसा झाला, तर तेही नोंदवा. दोष फाइल कशी लिहिली गेली त्यात असल्याची ती खूण आहे.

ट्रेसबॅकचा, म्हणजे एरर आल्यावर पायथन छापतं त्या मजकुराचा, फोटो चालेल का?

नको. मजकूरच टाका, आणि तोही पूर्ण. फोटोतला मजकूर शोधात सापडत नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी तीच एरर आलेला माणूस तुमच्या इश्यूपर्यंत पोचतच नाही. फक्त शेवटची ओळ देऊनही भागत नाही. ट्रेसबॅक खालून वर वाचायची सवय लावा: सर्वात खाली काय फुटलं, आणि त्याच्या वर कोणी कोणाला हाक मारली होती.

आवृत्त्यांची एवढी लांबलचक यादी कशाला मागतात?

एक्सॲरेमध्ये शो व्हर्जन्स चालवलं की पायथन, ऑपरेटिंग सिस्टिम, नमपाय, पांडाज (एक्सॲरेची लेबलं सांभाळणारी लायब्ररी), डास्क, आणि झार, नेटसीडीएफ, एचडीएफ५ (हे तिन्ही डेटा साठवण्याचे प्रकार) अशा सगळ्यांच्या आवृत्त्या छापून येतात. ती यादी जशीच्या तशी चिकटवा. ‘लेटेस्ट व्हर्जन’ असं लिहू नका. तुमचा इश्यू दोन वर्षांनी वाचणाऱ्याला ‘लेटेस्ट’ म्हणजे काय ते कळणार नाही.

मशीनही महत्त्वाचं असतं. नमपाय २.० च्या आधी ६४ बिटच्या विंडोजवरसुद्धा पूर्णांक आपोआप ३२ बिटचा धरला जायचा, लिनक्सवर ६४ बिटचा. अशा ॲरेत ५०,००० चा वर्ग केला, तर लिनक्सवर अडीच अब्ज आणि विंडोजवर −१,७९,४९,६७,२९६. ‘आमच्याकडे तर बरोबर येतंय’ असं मेंटेनर (लायब्ररी सांभाळणारी माणसं) म्हणतात, तेव्हा ते खरंच बोलत असतात. यादी दिलेली असली की हा घोळ पहिल्याच उत्तरात सुटतो.

इश्यू टाकण्याआधी किती शोधायचं?

पाच-दहा मिनिटं. एररमधला ठळक वाक्यांश घेऊन शोधा, आणि बंद झालेले इश्यूही पाहा. पुष्कळदा उत्तर तिथेच असतं. एक्सॲरे २०१४ मध्ये ओपन सोर्स झालं तेव्हा त्याचं नाव एक्सरे होतं, २०१६ मध्ये ते बदललं. फार जुन्या चर्चांमध्ये तेच जुनं नाव दिसेल. मग शेवटची आवृत्ती नव्या, रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (लायब्ऱ्यांच्या वेगळ्या संचात) टाकून उदाहरण एकदा चालवा. तुमच्यासारखाच इश्यू आधीच उघडा असेल, तर नवा न टाकता तिथे तुमचं छोटं उदाहरण द्या. नुसतं ‘मलाही’ लिहिण्याने कुणाच्या हाती काही लागत नाही.

बग एक्सॲरेचा, पांडाजचा, की एचडीएफ५ चा, हे मला कसं कळणार?

कळलंच पाहिजे असं नाही. पण एक प्रयोग सोपा आहे: एक्सॲरे वगळून तेच करून पाहा. आतला नमपाय ॲरे काढा आणि त्यावर तेच गणित करा. फाइल थेट नेटसीडीएफच्या लायब्ररीने उघडा. डास्कचे तुकडे न करता चालवा. इंडेक्सची गडबड वाटली तर तेवढी लेबलं पांडाजला द्या. चूक तिथेही दिसली, तर इश्यू त्या प्रोजेक्टकडे टाका. चुकीच्या दारात गेलात तरी मेंटेनर योग्य ठिकाणी पाठवतात. फक्त एकाच वेळी तीन ठिकाणी तोच इश्यू टाकू नका. तीन माणसं एकाच गाठीवर वेगवेगळी बसतात आणि एकाचं दुसऱ्याला माहीत नसतं.

मागच्या आवृत्तीत चालत होतं, आता बिघडलंय.

हे शीर्षकातच लिहा, आणि कोणत्या आवृत्तीत चालत होतं तेही सांगा. अशा बगचा माग काढणं सर्वात सोपं असतं. थोडा वेळ असेल, तर गिट बायसेक्ट (कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटची एक कमांड) शिकून घ्या: चालणारा एक कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) आणि बिघडलेला एक कमिट सांगितला, की ते दरवेळी मधला काढून देतं. हजार कमिटमधून दोषी कमिट सापडायला सुमारे दहा पायऱ्या लागतात. छोटं उदाहरण हाताशी असेल तर त्या पायऱ्याही आपोआप चालवता येतात. ‘या कमिटपासून बिघडलं’ एवढी एक ओळ मेंटेनरचा अख्खा दिवस वाचवते.

कधी चालतं, कधी नाही. कधी तर पायथनच बंद पडतं.

किती वेळा चालवलं आणि किती वेळा फुटलं, ते आकड्यात लिहा. डास्क एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकच काम अशा रीतीने, चालवून पाहा. तसं केल्यावर बग गेला, तर थ्रेड एकमेकांच्या पायात येत असण्याची शक्यता मोठी. पायथन ट्रेसबॅक न देता कोसळत असेल, तर फॉल्टहँडलर चालू करून चालवा. कोसळताना पायथन कोणत्या ओळीवर होतं ते तो छापतो. अशा बगचं उदाहरण दरवेळी फुटलं नाही तरी हरकत नाही, शंभर वेळा फिरवणारा लूप लावून द्या.

माझं इंग्रजी बेताचं आहे.

तुमचा कोडच बहुतेक सगळं सांगतो. तीन वाक्यं पुरतात: मी हे केलं, मला हे अपेक्षित होतं, प्रत्यक्षात हे झालं. त्यातलं मधलं वाक्य लोक हमखास विसरतात. अपेक्षित उत्तर लिहिल्याशिवाय चूक नेमकी कुठे आहे हे वाचणाऱ्याला ओळखता येत नाही, कारण ज्याला तुम्ही चुकीचं म्हणताय ते त्याला बरोबर वाटत असू शकतं.

एआयकडून इश्यू लिहून घेतला तर?

भाषा सुधारून घ्यायला हरकत नाही. पण उदाहरण स्वतः चालवा, आणि तुमच्या मशीनवर जे छापून आलं तेच चिकटवा. कारणाबद्दलचा अंदाज तुम्ही स्वतः तपासला नसेल, तर तो लिहू नका. न घडलेल्या बगचं भरघोस वर्णन वाचून कुणीतरी आपली संध्याकाळ घालवतं, आणि त्याची सचोटीने लिहिलेल्या पुढच्या इश्यूला झळ बसते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दोन आठवडे झाले, कुणी उत्तरच देत नाही.

यातली बरीच माणसं नोकरी-अभ्यास सांभाळून हे काम करतात. महिनाभर थांबून एकदा नम्रपणे आठवण करायला काहीच हरकत नाही, आणि त्यासोबत काही नवं देता आलं तर फारच उत्तम: अजून छोटं उदाहरण, नव्या आवृत्तीवर पुन्हा तपासल्याची नोंद. मेंटेनरना वैयक्तिक ईमेल करू नका.

‘हा बग नाही’ म्हणून इश्यू बंद केला. मला पटलं नाही.

दिलेलं कारण नीट वाचा आणि पटत नसेल तर नेमका मुद्दा लिहा: डॉक्युमेंटेशनमधलं कोणतं वाक्य, कोणत्या उदाहरणाशी विसंगत आहे. वागणूक ठरवून केलेली असली आणि तरी ती माणसाला फसवत असली, तर एरर किंवा वॉर्निंगची मागणी करा. ती मागणी रास्त असते.

सुरक्षेशी संबंधित काही सापडलं तर?

जाहीर इश्यू टाकू नका. प्रोजेक्टच्या सिक्युरिटी धोरणात खाजगी कळवण्याचा मार्ग दिलेला असतो, तोच वापरा.

दुरुस्ती मीच केली तर चालेल?

चालेलच. सुरुवात टेस्टपासून करा. तुमचं छोटं उदाहरण घ्या, शेवटी अपेक्षित उत्तराशी तुलना जोडा, झाली टेस्ट. एक्सॲरेच्या टेस्टिंग मॉड्यूलमध्ये असर्ट इक्वल एकाच जागी असलेले एनएएन (रिकामी मूल्यं) समान मानतं. असर्ट आयडेंटिकल नाव आणि ॲट्रिब्यूटही ताडून पाहतं. दशांशांसाठी असर्ट ऑलक्लोज. टेस्ट आधी फुटली पाहिजे आणि दुरुस्तीनंतर पास झाली पाहिजे. कोडची दुरुस्ती जमली नाही, तर नुसती फुटणारी टेस्ट दिलीत तरी दुसरं कुणीतरी तिथून पुढे जाऊ शकतं.

बग दुरुस्त झाला म्हणतात, पण माझ्याकडे अजून तसाच आहे.

दुरुस्ती मुख्य शाखेत गेली, तरी रिलीज होईपर्यंत ती तुमच्यापर्यंत येत नाही. मार्च २०२२ पासून एक्सॲरेच्या आवृत्तीचं नाव वर्ष आणि महिन्यावरून पडतं, त्यामुळे दुरुस्तीची तारीख आणि तुमची आवृत्ती ताडणं सोपं आहे. तोवर थांबायचं नसेल, तर मुख्य शाखेतून थेट वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये इन्स्टॉल करा, मूळ मोठ्या डेटावर एकदा चालवा, आणि निकाल त्याच इश्यूखाली लिहा. छोटं उदाहरण सुटलं पण मोठं नाही, असंही घडतं. तसं असेल तर ते तुम्हालाच आधी दिसेल.